एक शून्य कमी

पर्मेतहून कोर्चाला दिवसाकाठी एकच गाडी.
किती वाजता सुटते विचारलं
तर जेवाहिर ड्रायव्हर मागे वळून माणसं मोजतो.
नऊ.
म्हणजे अजून वाजले नाहीत.

भाडं? दहा हजार, म्हणाला.
दहा हजार लेकांत माझं आठवडाभराचं अंथरूण होतं,
पाव, टोमॅटो, आणि एक दिवस चैनीचा.
पाठपिशवी उचलून उतरले
तर अख्खी गाडी हसली.
वासिलिका नावाच्या बाईनं खिडकीतून वही मागितली,
आकडा लिहिला,
आणि शेवटच्या शून्यावर अंगठा ठेवला.

नोटा कधीच्याच बदलल्या,
तोंडात जुनेच आकडे राहिले.
मला समजायला हवं होतं.
आणे जाऊन किती वर्षं झाली,
आम्ही अजून सोळा आणे खरं बोलतोच की.

चढू का, खुणेनं विचारलं.
जेवाहिरनं मान आडवी हलवली.
मी पुन्हा उतरले.
पुन्हा हशा.
आडवी मान म्हणजे इथं हो.

मग एकेक येत गेलं.
गोधडीत गुंडाळलेली मोटारीची काच,
खोक्यात किलबिलणारी पिल्लं, दोन शिपाई,
कुणाची तरी सून, तिचा रुसवा.
आणि अगदी सुटता सुटता
दातांच्या दवाखान्यातली मुलगी पांढऱ्या सपाता वाजवत धावत आली
आणि तिनं एक डबी माझ्याच हातात दिली,
कारण खिडकी माझी आणि हात रिकामे.
रेफात, एवढंच म्हणाली.
गाडी निघाली.

नदी खाली राहिली. हिरवी, घाई नसलेली.
रस्ता कड्याला धरून धरून चढतो,
समोरून ट्रक आला की दोघांपैकी एक जण लाजून मागे सरतो.
युद्धाच्या भीतीनं बांधलेला, काँक्रीटच्या उपड्या वाटीसारखा बंकर.
आत एक शेळी, अगदी सुरक्षित.
वासिलिका मला शब्द शिकवते.
बाजाराला पझार. पडद्याला पेर्दे.
साखरेला शेचेर म्हटलं तेव्हा
मी साखर म्हणाले,
आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही मीच तिच्या घरातून चिमूटभर उचलून नेली होती.

डबी उघडायला नको होती. उघडली.
वरची कवळी. हिरड्या कण्हेरीसारख्या गुलाबी.
डबी मागच्या बाकापर्यंत फिरली.
शिपायांनी दात मोजले, सून रुसवा विसरली.
ऐंशी हजार, कुणीतरी सुस्कारलं,
आणि मी मनातल्या मनात
एक शून्य आपोआप खोडलं.

लेस्कोविकच्या अलीकडे, एका वळणावर
रेफात उभा.
लग्नाला निघाल्यासारखा कोट, ओठ आत गेलेले.
मी डबी दिली.
तो पाठ फिरवून दरीकडे तोंड करून
बराच वेळ उभा राहिला.
इंजिन चालूच होतं.
जेवाहिर, सापडलेलाच गिअर शोधत होता.
कुणी हसलं नाही. पिल्लंसुद्धा.

वळला. चेहरा थोडा दुसऱ्याचा, थोडा त्याचा.
आणि तो म्हणाला,
जेवाहिर.
ज चा ज, व चा व.
ड्रायव्हर बोलला काहीच नाही,
फक्त हॉर्न दिला,
एवढा लांब की पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्या हलल्या.

कोर्चात अंधार पडताना पैसे दिले.
एक हजार, हिशेबाप्रमाणे.
जेवाहिरनं त्यातले दोनशे परत केले,
डबीएवढा चौकोन हवेत काढला,
माझ्याकडे बोट केलं.
टपालखर्च.

महिनाभर वहीत एकच रकाना भरत होता, खर्चाचा.
बसस्थानकाच्या दिव्याखाली समोर लिहिलं,
जमा: दोन हजार.
राहू दिलं तसंच.

मग झोपायला जागा शोधत निघाले.
पहिल्याच दारात एक म्हातारी म्हणाली, पंधरा हजार,
आणि मी, शहाणी,
मान आडवी हलवली.
नाही म्हणायचं होतं.
तिनं किल्ली आणली.